गुणवंतांचे कष्ट आणि मालकांची शिस्त

व्यावसायिक क्रीडाक्षेत्रात एक प्रवचन वर्षानुवर्षे चालत आले आहे. असामान्य गुणवत्तेचा एखादा पोरसवदा खेळाडू मोठा गाजावाजा होऊन मैदानात उतरतो, दोन-चार हंगामांत अपेक्षा पुऱ्या करू शकत नाही, आणि मग त्याच्या खेळाची चिकित्सा मागे पडून त्याच्या चारित्र्याची चिकित्सा सुरू होते. हातात जादू होती, पण अंगात कष्ट नव्हते. पैसा लवकर मिळाला, पण शहाणपण आले नाही. असे निदान प्रशिक्षक करतात, व्यवस्थापक त्यावर शिक्कामोर्तब करतात आणि वृत्तपत्रे तीच री ओढतात. अमेरिका आणि कॅनडा या देशांतील बर्फावरील हॉकी हा तर या प्रवचनाचा बालेकिल्लाच मानावा लागेल. तेथील नॅशनल हॉकी लीग ही संस्था १९१७ साली स्थापन झाली. आज तिच्यात बत्तीस संघ आहेत आणि प्रत्येक संघ ही कोणाच्या तरी मालकीची मालमत्ता आहे. त्या मालमत्तेची भरभराट ज्यांच्या पायांवर आणि मनगटांवर अवलंबून आहे, ते खेळाडू या धंद्यात येतात तेव्हा बहुधा अठरा वर्षांचे असतात. प्रौढत्वाची मागणी त्यांच्याकडूनच सर्वांत मोठ्या आवाजात केली जाते. ती मागणी कोण करतो आणि तिचा खरा अर्थ काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

प्रथमच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. परिश्रमांवाचून या खेळात कोणीही टिकलेले नाही. बर्फावरील हॉकीत खेळाडू मैदानावर सलग फार वेळ राहत नाही. मिनिटाहूनही कमी वेळाच्या पाळीत तो सर्व शक्ती पणाला लावून धावतो, बाहेर येऊन दम खातो आणि पुन्हा उतरतो. हंगामात ऐंशीहून अधिक सामने होतात आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात सतत प्रवास चालू असतो. चकती आपल्याकडे असताना चमकणे हे गुणवत्तेचे काम असते. ती प्रतिस्पर्ध्याकडे गेल्यावर उलट फिरून आपल्या गोलाकडे जीव तोडून धावणे हे मेहनतीचे काम असते आणि त्याला प्रेक्षकांच्या टाळ्या मिळत नाहीत. कुमार गटात जो मुलगा इतरांपेक्षा हातभर सरस असतो त्याला हे दुसरे काम करावेच लागत नाही. गुणवत्तेचा हा शाप कोणत्याही क्षेत्रात आढळतो. वर्गात न शिकता पहिला येणाऱ्या मुलाची पुढे जी अडचण होते, तीच या मुलाचीही होते. तेव्हा कष्टांची सवय हवी, संयम हवा, सहकाऱ्यांविषयी जबाबदारीची जाणीव हवी, याबद्दल वाद असण्याचे कारण नाही. वाद आहे तो या गुणांच्या नावाखाली जे दुसरेच काही मागितले जाते त्याविषयी.

या संदर्भात अलेक्सांद्र देगल याचे उदाहरण वारंवार दिले जाते. क्वेबेक प्रांतातील या मुलाने १९९२-९३ च्या हंगामात कुमार गटात १३७ गुण मिळविले होते. लीगमध्ये नव्या खेळाडूंची वाटणी ज्या पद्धतीने होते तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. संघ ओळीने आपापली निवड जाहीर करतात. ज्या संघाने नाव घेतले त्या संघाशीच खेळाडूने करार करावयाचा असतो. गावाची, मालकाची वा प्रशिक्षकाची निवड त्याच्या हाती नसते. १९९३ च्या ड्राफ्टमध्ये ओटावा सेनेटर्स या संघाने देगलला सर्वांत प्रथम निवडले आणि पाच वर्षांसाठी सव्वा कोटी डॉलरच्या आसपासचा करार दिला. नवख्या खेळाडूच्या मानाने ही रक्कम फार मोठी होती. पहिल्या हंगामात त्याने ५१ गुण मिळविले. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ही कामगिरी काही वाईट नव्हती, परंतु जाहिरात झाली होती ती अवताराची. पुढे त्याचा खेळ त्या अपेक्षेला कधीच पुरा पडला नाही. १९९८ मध्ये त्याला फिलाडेल्फियाला देण्यात आले, नंतर आणखी दोन संघ झाले, आणि पंचविशीतच त्याने खेळ सोडला. दोन वर्षांनी तो परत आला, २००३-०४ मध्ये मिनेसोटाच्या संघात सर्वाधिक गुण त्याचेच होते, आणि त्यानंतर काही हंगाम तो स्वित्झर्लंडमध्ये खेळला. परंतु लोकांच्या स्मरणात तो राहिला आहे तो वाया गेलेल्या गुणवत्तेचा नमुना म्हणून.

देगलचा स्वतःचा दोष नव्हताच असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. खेळावर त्याचे मन पुरते जडले नव्हते, प्रसिद्धीचे आकर्षण मात्र होते, हे त्याचे हितचिंतकही नाकारणार नाहीत. पण त्याच्या कहाणीची दुसरी बाजू प्रवचनकार सांगत नाहीत. ज्या ओटावा संघाने त्याच्यावर तारणहाराचे ओझे टाकले त्या संघाने १९९२-९३ च्या हंगामात चौऱ्याऐंशी सामन्यांपैकी केवळ दहा जिंकले होते. सर्वांत तळाच्या संघाला पहिल्या निवडीचा मान मिळत असे. देगल पदरात पडावा म्हणून संघ मुद्दाम हरला की काय, असा संशय खुद्द मालकपक्षाच्याच विधानांमुळे निर्माण झाला. लीगने चौकशी केली. मुद्दाम हरल्याचे सिद्ध झाले नाही, पण त्या विधानांबद्दल संघाला एक लाख डॉलरचा दंड झाला. त्यानंतर दोन वर्षांतच पहिली निवड सोडतीने ठरविण्याची पद्धत लीगला आणावी लागली. तळाला जाण्यात फायदा दिसेल अशी व्यवस्था ज्यांनी उभी केली, त्यांनीच एका कुमाराला जिद्दीचे पाठ द्यावेत, हा विनोद फारसा कोणाच्या लक्षात आला नाही.

याहूनही बोधप्रद गोष्ट पुढेच घडली. १९९४ च्या शरद ऋतूत मालकांनी टाळेबंदी पुकारली आणि ती शंभरहून अधिक दिवस चालली. ती उठली तेव्हा झालेल्या सामूहिक करारात नवख्या खेळाडूंच्या वेतनावर कमाल मर्यादा घालण्यात आली. १९९५ मध्ये निवडलेल्या खेळाडूंसाठी ती वर्षाला साडेआठ लाख डॉलर होती. या मर्यादेच्या समर्थनार्थ देगलच्या कराराचाच दाखला दिला जात असे. सव्वा कोटीचा आकडा काही देगलने मालकाच्या मानेवर सुरी ठेवून मिळविलेला नव्हता. आकडा मालकाने मान्य केला, सही मालकाने केली, हिशोब मालकाचा चुकला. आणि त्याची किंमत पुढच्या प्रत्येक पिढीतील तरुणांनी चुकवावी असे ठरले. मालकांना स्वतःचा मोह आवरेना म्हणून मजुरीवर कायमचा लगाम आला. त्याला आर्थिक शिस्त असे नाव मिळाले. एका मुलाच्या अपरिपक्वतेची चर्चा तीस वर्षे चालू आहे. त्या कराराखाली सही करणाऱ्यांच्या अपरिपक्वतेची चर्चा मात्र चार दिवसही झाली नाही.

त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर ख्रिस प्राँगर निवडला गेला होता. त्याच्याही वाट्याला आरंभी बेजबाबदारपणाचा शिक्का आलाच. १९९५ मध्ये हार्टफर्डच्या संघाने त्याला सेंट लुईसला देऊन टाकले, आणि तेथील प्रेक्षकांनीही प्रारंभी त्याची हुर्योच केली. पण तेथे त्याला वेळ मिळाला, कठोर परंतु सतत लक्ष ठेवणारे मार्गदर्शन मिळाले. २००० साली तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. प्रौढत्व ही जन्मखूण नव्हे. ते काळाने आणि संगतीने येते, एवढेच त्यातून दिसते. चेक खेळाडू यारोमीर यागर याची गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. पिट्सबर्गमधील अखेरच्या काळात आणि पुढे वॉशिंग्टनमध्ये त्याच्यावर आळसाचा आणि लहरीपणाचा आरोप सर्रास केला जाई. न्यूयॉर्कला गेल्यावर २००५-०६ मध्ये त्याने १२३ गुण मिळविले. पंचेचाळिशीपर्यंत तो या लीगमध्ये खेळला, आणि पन्नाशी ओलांडल्यावरही आपल्या क्लाडनो गावच्या संघाकडून बर्फावर उतरला. रात्री उशिरा एकट्याने सराव करण्याची त्याची सवय आता दंतकथेसारखी सांगितली जाते. माणूस तोच, सवयीही बहुतांशी त्याच. संघ हरत होता तेव्हा तो लहरी ठरला आणि आकडे बोलू लागले तेव्हा तपस्वी झाला. चारित्र्याची ही मोजपट्टी किती भरवशाची आहे ते यावरून कळावे.

विद्यार्थी की कामगार?

ही मुले या धंद्यात येतात कोठून, याकडे आता वळले पाहिजे. कॅनडात कुमार हॉकीच्या तीन मोठ्या लीग आहेत. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा घर सोडून शेकडो मैलांवरच्या गावी जातो, परक्या कुटुंबात राहतो, शाळा सांभाळून हंगामात साठ-सत्तर सामने खेळतो आणि हिवाळ्यातील बर्फाळ रस्त्यांवर रात्र-रात्र बसने प्रवास करतो. त्याच्या सामन्यांना तिकीट असते, त्याच्या नावाचे शर्ट विकले जातात, संघाच्या मालकाला उत्पन्न होते. मुलाच्या हाती पडत आला तो खर्चापुरता भत्ता. २०१४ मध्ये यांपैकी काही खेळाडूंनी न्यायालयात सामूहिक दावा दाखल केला. आपण करतो ते काम आहे आणि कायद्याने ठरविलेले किमान वेतन आपल्याला मिळाले पाहिजे, एवढीच त्यांची मागणी होती. मालकांचा जबाब असा की, ही मुले कामगार नव्हेत. ती शिकणारी मुले आहेत, हौशी खेळाडू आहेत. दावा २०२० मध्ये तीन कोटी कॅनेडियन डॉलरच्या तडजोडीवर मिटविण्याचे ठरले. पण दरम्यान मालकांनी सरकारांचे दरवाजे ठोठावले होते. ब्रिटिश कोलंबियाने २०१६ मध्ये आणि ऑन्टारिओने २०१८ मध्ये कुमार हॉकीपटूंना किमान वेतनाच्या संरक्षणातून वगळून टाकले. इतर काही प्रांतांनीही तोच मार्ग धरला.

येथे या व्यवस्थेचा दुटप्पीपणा उघडा पडतो. वेतनाचा प्रश्न निघाला की तो मुलगा विद्यार्थी असतो. सराव चुकला की तोच बेशिस्त व्यावसायिक ठरतो. पगार देताना तो अजाण, जाब विचारताना तो प्रौढ. ड्राफ्टपूर्वी निवडक तरुणांना एकत्र बोलावून त्यांच्या शरीराची मोजमापे घेतली जातात, त्यांच्या मुलाखती होतात, त्यांच्या स्वभावाविषयी टिपणे केली जातात. बैलबाजारात दात पाहतात, येथे मनही पाहिले जाते. परंतु मालकाची तपासणी करण्याचा अधिकार मुलाला नाही. हा संघ तरुणांना कसा वागवितो, येथे तक्रार ऐकून घेणारे कोणी आहे काय, जखमी झालो तर काय होईल, हे विचारणाऱ्या मुलाच्या नावापुढे ‘स्वभाव कठीण’ एवढी नोंद होण्याचीच शक्यता अधिक.

आज्ञाधारकपणालाच प्रौढत्व मानण्याची ही सवय किती भयंकर ठरू शकते, हे शेल्डन केनेडी याच्या आयुष्याने दाखविले आहे. केनेडी गुणी खेळाडू होता. स्विफ्ट करंट येथील कुमार संघातून तो डेट्रॉइट, बॉस्टन आणि कॅलगरी येथे खेळला. दारू, बेफाम वागणे, अडचणींत सापडणे यांमुळे त्याच्याकडे बेजबाबदार तरुण म्हणूनच पाहिले गेले. १९९७ साली सत्य जगापुढे आले. त्याचा कुमार गटातील प्रशिक्षक ग्रॅहॅम जेम्स याने किशोरवयात वर्षानुवर्षे त्याच्यावर लैंगिक अत्याचार केले होते. जेम्सने गुन्हा कबूल केला आणि त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. हा जेम्स हॉकीच्या वर्तुळात तोवर मोठ्या मानाने मिरवत होता; मुलांचे भवितव्य त्याच्या शब्दावर अवलंबून होते. प्रशिक्षक सांगेल ते निमूट ऐकणारा तो चांगला मुलगा, हा धडा ज्या वातावरणात पहिल्या दिवसापासून गिरविला जातो तेथे तक्रार करावी तरी कोणाकडे? ज्याला जग अपरिपक्व म्हणत होते तो मुलगा प्रत्यक्षात कोणते ओझे वाहत होता याची चौकशी कोणी केली नाही. अखेर त्या खेळाला शहाणे करण्याचे काम त्यानेच केले. १९९८ मध्ये चाकांच्या स्केट्सवरून त्याने कॅनडा पार केला आणि अत्याचारग्रस्त मुलांसाठी निधी उभा केला.

हा प्रकार जुन्या काळातला म्हणून सोडून देता येत नाही. २०१० मध्ये शिकागो ब्लॅकहॉक्स संघातील एका तरुण खेळाडूने प्रशिक्षकवर्गातील एकाविरुद्ध अत्याचाराची तक्रार केली. ती वरिष्ठांच्या कानी गेली; परंतु अजिंक्यपदाच्या लढती चालू होत्या, आणि त्या संपेपर्यंत सुमारे तीन आठवडे काहीही कारवाई झाली नाही. २०२१ मध्ये चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा हे सारे बाहेर आले आणि संघाला वीस लाख डॉलरचा दंड झाला. चषकासाठी एका सहकाऱ्याला वाऱ्यावर सोडणाऱ्या वरिष्ठांना कोणी अपरिपक्व म्हटल्याचे ऐकिवात नाही.

कष्टाळू आणि जाणते

परिश्रम आणि प्रौढत्व या दोन गुणांतील फरक समजून घ्यावयाचा असेल तर डेट्रॉइटच्या दोन खेळाडूंकडे पाहावे. गॉर्डी हाऊ आणि टेड लिंडसे हे सिड एबलसह एकाच फळीत खेळत. मोटारींच्या कारखान्यांचे ते शहर. लोकांनी या फळीला ‘प्रॉडक्शन लाइन’ असे नाव दिले होते. कष्टांच्या बाबतीत हाऊचा हात धरणारा कोणी नव्हता. सस्काचेवानमधील गरीब घरातला हा मुलगा अठराव्या वर्षी डेट्रॉइटकडून खेळू लागला. करार करताना संघाचे जाकीट मिळावे एवढीच त्याची हौस होती, आणि तेही मिळायला बराच काळ लागला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पंचवीस हंगाम तो त्याच संघाकडून खेळला. मालक देतील तो आकडा योग्यच असेल असे तो मानत आला. १९६८ मध्ये बॉब बॉन नावाचा खेळाडू डेट्रॉइटला आला आणि त्याच्याकडून हाऊला कळले की, बॉनचा पगार त्याच्यापेक्षा पुष्कळच जास्त आहे. लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू आपल्याच संघातील नव्या सहकाऱ्याहून कमी मजुरीवर राबत होता. मेहनत, निष्ठा, विनय, आज्ञाधारकपणा, प्रवचनात सांगितलेले सर्व गुण त्याच्या अंगी होते. त्यांची परतफेड ही अशी झाली.

लिंडसे वेगळ्या घडणीचा होता. शरीराने लहानखुरा, खेळताना अत्यंत चिवट. निवृत्तिवेतनाच्या निधीचा हिशोब मालक का दाखवीत नाहीत, असा साधा प्रश्न त्याने विचारला. उत्तर मिळेना म्हणून १९५७ मध्ये त्याने माँट्रियलचा डग हार्वी आणि इतर सहकारी यांना घेऊन खेळाडूंची संघटना उभी केली. त्या हंगामात लिंडसेने ८५ गुण मिळविले होते. कारकिर्दीतील सर्वोत्तम खेळ तो तेव्हा खेळत होता. तरीही उन्हाळ्यात डेट्रॉइटच्या व्यवस्थापनाने त्याला तळाच्या शिकागो संघात धाडले. टोरोंटोच्या जिम थॉमसनचीही तीच गत झाली. डेट्रॉइटच्या खेळाडूंनी दबावाखाली संघटनेतून अंग काढून घेतले, हाऊही लिंडसेच्या पाठीशी उभा राहिला नाही, आणि १९५८ च्या आरंभी काही सवलतींवर समेट होऊन ती संघटना विरून गेली. लिंडसेला तेव्हा कृतघ्न, बंडखोर, संघ फोडणारा म्हटले गेले. १९६६ मध्ये त्याला हॉकीचा सर्वोच्च सन्मान मिळाला, पण सोहळ्याला बायका-मुलांना प्रवेश नाही असे कळताच तो समारंभाला गेलाच नाही. निवृत्तिवेतनाच्या ज्या प्रश्नावरून त्याची हकालपट्टी झाली तोच प्रश्न पुढे निवृत्त खेळाडूंनी न्यायालयात नेला आणि १९९२ मध्ये ऑन्टारिओतील न्यायालयाने निधीतील शिल्लक खेळाडूंची असल्याचा निर्णय दिला. त्या फिर्यादींत गॉर्डी हाऊही होता. जे शहाणपण लिंडसेला तिशीत आले ते हाऊला साठी ओलांडल्यावर आले, असे कोणी म्हणेल. परंतु त्यात हाऊचा उपहास करण्याचे कारण नाही. एकट्या कष्टाळू माणसाला संघटनेवाचून स्वतःच्या श्रमाचे मोलसुद्धा कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

संघटना झाली की सर्व प्रश्न सुटतात असा भ्रमही बाळगू नये. १९६७ मध्ये खेळाडूंची नवी संघटना स्थापन झाली आणि तिचा कारभार ॲलन ईगल्सन या वकिलाच्या हाती गेला. तो संघटनेचा प्रमुख, त्याच वेळी अनेक खेळाडूंचा दलाल, आणि मालकांच्याही गोटातला. बॉबी ऑर हा अठराव्या वर्षी बॉस्टनकडून उतरलेला अद्वितीय खेळाडू ईगल्सनवर भावासारखा विश्वास ठेवीत होता. बॉस्टनने १९७६ मध्ये संघाच्या मालकीतील हिस्सा देऊ केला होता, पण ही गोष्ट ईगल्सनने त्याला कळूच दिली नाही. कारकिर्दीच्या शेवटी ऑर जवळजवळ कफल्लक झाला. ईगल्सनने १९९८ मध्ये फसवणुकीचे गुन्हे कबूल केले आणि तो तुरुंगात गेला. शिकागोच्या प्रकरणातही २०१० मध्ये संघटनेकडून काही हालचाल झाली नव्हती. खेळाडू स्वतः प्रश्न विचारीत राहिले नाहीत तर संघटनासुद्धा दुसरा मालक बनते. प्रौढत्व म्हणावयाचे ते या जागरूकतेला.

यावर हमखास एक आक्षेप घेतला जाईल. लाखो डॉलर कमावणाऱ्या तरुणांची कणव समाजवाद्यांनी कशाला करावी? आक्षेप वरवर रास्त आहे. पण दरवर्षीच्या ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत बत्तीस संघ सुमारे सव्वादोनशे तरुण निवडतात. त्यांतील थोडेच त्या लीगमध्ये कायमचे पाय रोवतात. बाकीचे कनिष्ठ संघांतून, लहान गावांतून, दुखावलेले गुडघे आणि अर्धवट शिक्षण घेऊन बाहेर पडतात. त्यांची नावे कोणी छापत नाही. शिवाय प्रश्न कणवेचा नाही. ज्याच्या श्रमातून संपत्ती निर्माण होते त्याला त्या श्रमाच्या अटी ठरविण्यात आवाज आहे की नाही, हा प्रश्न आहे. पगाराचा आकडा मोठा असल्याने तो बदलत नाही.

भारतीय हॉकीलाही हा प्रश्न परका नाही. जानेवारी २०१० मध्ये, दिल्लीतील विश्वचषक स्पर्धा दीड महिन्यावर आली असताना, पुण्यात बालेवाडी येथे सराव शिबिरात असलेल्या राष्ट्रीय संघाच्या खेळाडूंनी थकलेल्या मानधनासाठी सराव थांबविला. प्रत्येकी पंचवीस हजार रुपये घेऊन कामाला लागा, असा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवण्यात आला आणि त्यांनी तो नाकारला. देशासाठी खेळताना पैशाचा विचार मनात यावाच कसा, असा सूर तेव्हा उमटला. क्रिकेटपटूंना असा प्रश्न विचारण्याचे धाडस कोणी केले नसते. काही दिवसांनी तडजोड झाली, खेळाडू सरावाला लागले, आणि २८ फेब्रुवारीला पहिल्याच सामन्यात त्यांनी पाकिस्तानला ४-१ असे हरविले. पुढे संघ आठव्या स्थानावर राहिला, हेही खरे. परंतु हक्क मागणारा खेळाडू कामचुकार असतो, हे त्या सामन्याने तरी सिद्ध झाले नाही.

मग गुणवान तरुणात कष्टांची वृत्ती आणि प्रगल्भता येते कशी? सिडनी क्रॉस्बीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. २००५ मध्ये पिट्सबर्गने त्याला प्रथम क्रमांकावर निवडले तेव्हा त्याला अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती, आणि त्याच्याकडूनही संघ तारण्याची अपेक्षा होती. पण आरंभीची वर्षे तो मारिओ लेम्यू या ज्येष्ठ खेळाडूच्या कुटुंबात, त्याच्या मुलाबाळांबरोबर राहिला. देगलच्या वयात ज्या संकटातून जावे लागते त्यातून स्वतः गेलेला माणूस रोज जेवणाच्या टेबलावर समोर होता. २००७ मध्ये एकोणिसाव्या वर्षी क्रॉस्बी कर्णधार झाला. त्याची स्वतःची चिकाटी थोर खरीच, पण त्या चिकाटीला घर मिळाले होते. लेम्यू हा त्या वेळी संघाच्या मालकांपैकीही एक होता, हे येथे विसरता कामा नये. गुणी मुलाचे भाग्य एखाद्या मालकाच्या चांगुलपणावर अवलंबून राहते, ही या व्यवस्थेची प्रशस्ती नव्हे. जे एकाला भाग्याने मिळाले ते सर्वांना हक्काने मिळावयास हवे.

त्यासाठी करावयाच्या गोष्टी अशक्य कोटीतील नाहीत. कुमार खेळाडूला कामगार मानून त्याला किमान वेतनाचे संरक्षण द्यावे, शिक्षणाची हमी करारात लिहून द्यावी. तक्रार ऐकणारी यंत्रणा संघाच्या आणि लीगच्या मालकांपासून स्वतंत्र असावी. नवख्या तरुणाला कोणत्या संघाकडे जावयाचे याबाबत काही तरी निवड असावी. आणि खेळाडूंच्या संघटनेत तरुणांना पहिल्या दिवसापासून स्थान असावे, म्हणजे स्वतःच्या श्रमाचे मोल, सहकाऱ्याची जबाबदारी आणि प्रश्न विचारण्याचे धैर्य ते चकती मारण्याबरोबरच शिकतील. एवढे झाल्यावर जो तरुण आळस करील त्याला खुशाल आळशी म्हणावे. तो दोष मग निर्विवादपणे त्याचाच असेल.

खेळाडूंच्या मतांनी दिल्या जाणाऱ्या सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या पुरस्काराला २०१० पासून टेड लिंडसेचे नाव आहे. ज्याला एके काळी बेशिस्त म्हणून तळाच्या संघात फेकून दिले, त्याचे नाव घेऊन आजचे तरुण एकमेकांचा गौरव करतात. शिस्त आणि प्रौढत्व यांचा अर्थ त्यांनी आपल्यापुरता ठरविला आहे. तो मालकांच्या सोयीचा नाही, एवढे निश्चित.